ऑफिसात एआय असिस्टंट आलाय, पण लोक हात लावत नाहीत. काय करावं?

खाडीपलीकडे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी सानपाड्याला एका कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात आहे. न्हावा शेवाला येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रं हे आमचं काम. बिल ऑफ एंट्री (आयातीचं), शिपिंग बिल (निर्यातीचं), कस्टम्सच्या क्वेरींची उत्तरं, डीओ म्हणजे माल ताब्यात घ्यायची डिलिव्हरी ऑर्डर, परदेशातल्या सप्लायरशी पत्रव्यवहार. चाळीसेक माणसं, निम्मी डॉकवर आणि निम्मी ऑफिसात.

मालकांनी ऑफिसातल्या सगळ्यांसाठी एआय असिस्टंटचं लायसन्स घेतलं. मेलमध्येच आहे, एक्सेलमध्येही आहे. विकणाऱ्या कंपनीकडून एक जण येऊन प्रेझेंटेशन देऊन गेला. त्यात सहलीचं नियोजन, वाढदिवसाच्या शुभेच्छा असं सगळं होतं, आमच्या कामातला एकही कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या जुन्या चेकलिस्टवर परत. आता लायसन्स रिन्यू करायची वेळ जवळ आलीय आणि "लोकांना वापरायला लाव" ही जबाबदारी माझ्याकडे आलीय.

मी प्रत्येकाशी बोलले. तरुण मुलं म्हणतात, वापरतो की, पण मोबाइलवर, फुकटचं. मधल्या वयाचे म्हणतात वेळ कुठाय, गाडी गेटवर उभी असताना बिल फाइल करायचं की याला प्रश्न विचारत बसायचं? आणि आमचे सर्वांत ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते काहीच म्हणत नाहीत. टॅरिफचे, म्हणजे कुठल्या मालाला कुठला कोड आणि किती ड्युटी त्या यादीचे, चॅप्टर त्यांना तोंडपाठ आहेत. बाकीचे सगळे काका काय करतात ते बघून ठरवतात, त्यामुळे माझं घोडं खरं तिथे अडलंय.

सक्ती करायची माझी अजिबात इच्छा नाही. पण याचा उपयोग आहे असं मला मनापासून वाटतं. सप्लायरला इंग्रजीत चार ओळी लिहिताना आमच्या काही मुलींचा किती जीव जातो ते मी रोज बघते. कोणी आपल्याकडे हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

ट्रान्सहार्बर

ऐरोलीत आयटीत आहे, आमच्याकडे हेच काम माझ्या टीमकडे होतं. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून मी थांबलो. मोबाइलवर फुकटचं वापरतात हे वाक्य.

बाकी सगळं नंतर, हे आधी हातात घ्या. "लोक वापरत नाहीत" हे खरं नाहीये, लोक वापरतायत, फक्त तुम्हाला दिसत नाही अशा जागी. तुमच्याकडे इम्पोर्टरची इनव्हॉइस असते, म्हणजे तो कोणाकडून काय भावाने घेतो हे सगळं. केवायसीसाठी पॅन, आधार घेऊन ठेवलेलं असतं. त्याचा फोटो कोणी स्वतःच्या खात्यातून कुठे चढवला तर तो परत आणता येत नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. ती सगळी आपापल्या कामात हुशार माणसं होती, त्यांना फक्त काम लवकर उरकायचं होतं. आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

यावर उपाय म्हणून बंदी घालू नका, बंदी घातली की लोक आणखी लपून वापरतात. ऑफिसचं लायसन्स आहे तर "हे इथे टाकलं तर चालेल, हे कुठेच टाकायचं नाही" असं एक पान मराठीत लिहून भिंतीवर लावा. आणि जी मुलं मोबाइलवर वापरतायत त्यांना रागवू नका. तुमचे पहिले शिक्षक तेच आहेत.

---

मासुंदा

ठाण्यात राहते, कंपन्यांमध्ये प्रशिक्षणाचं काम करते. ट्रान्सहार्बर यांच्याशी पूर्ण सहमत.

काकांबद्दल थोडं वेगळं सांगते. स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना एआय सहाय्यक दिल्यावर काय झालं, हे त्यांनी पाहिलं. सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढलं. पण नवख्यांचं ३४ टक्क्यांनी वाढलं आणि मुरलेल्यांचं जवळजवळ वाढलंच नाही. यातून मी काय घेते? काकांना "तुमचं काम फटाफट होईल" असं सांगू नका. त्यांचं काम आधीच फटाफट होतं आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना दुसरं काहीतरी द्यावं लागेल.

आणि "किती जणांनी किती वेळा वापरलं" हे मोजायच्या फंदात पडू नका. मोजायचंच असेल तर घड्याळ लावून मोजा. २०२५ मध्ये १६ अनुभवी सॉफ्टवेअर डेव्हलपरांवर एक प्रयोग झाला. एआय वापरून काम २० टक्के लवकर झालं असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला होता. "कसं वाटलं" असा फॉर्म भरून घेतला की फक्त वाटणं कळतं.

---

निवृत्त_कॅशियर

सर्वांना नमस्कार. मी बँकेतून निवृत्त होऊन नौपाड्यात स्थायिक आहे. एआयचं मला फारसं कळत नाही, पण "नवीन यंत्र आलं आणि माणसं हात लावत नाहीत" हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय. म्हणून चार शब्द.

बँकांत संगणक येणार म्हटल्यावर आमच्या युनियनचा कडाडून विरोध होता. मीही मोर्चात होतो आणि त्या वेळची भीती खोटी नव्हती. तिढा सुटला तो करारांनी. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि युनियन यांच्यात पहिला करार झाला, मग १९८७, मग १९९३. काय यंत्र येईल, कुठे येईल, त्यावर कोण बसेल, त्याला काय भत्ता मिळेल, हे कागदावर आलं. त्या आधी साहेबांनी कितीही गोड बोलून सांगितलं तरी कोणाचा विश्वास बसत नव्हता. कागद आल्यावर बसला.

दुसरी गोष्ट. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारं यंत्र, आलं तेव्हा मॅनेजरांनी हाताची लेजरं लगेच बंद केली नाहीत. बराच काळ दोन्ही चालू. संध्याकाळी मशीनचा प्रिंट आणि हाताचं बॅलन्सिंग शेजारी ठेवून टॅली करायचं. फरक आला की त्याची चिठ्ठी लेजरच्या पानाला टाचायची आणि चूक कोणाची ते शोधायचं, यंत्रात भरणाऱ्याची की लिहिणाऱ्याची. आमचे एक हेडक्लार्क होते, यंत्राचे कट्टर विरोधक. मॅनेजरांनी ही टॅली त्यांच्याच हाती दिली. यंत्राची चूक पकडायला म्हणून ते रोज सगळ्यात आधी त्याच्यापाशी जायचे. काही दिवसांनी शाखेत ते यंत्र त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

तुमच्या काकांना तपासनीस करा ताई.

---

वागळेकर

वा काका, काय नेमकं सांगितलंत. हेडक्लार्कांचा किस्सा आमच्या एचआरला पाठवतोय.

---

तुर्भे_गाळा

मी थोडं कडवट लिहितोय, राग मानू नका. एपीएमसीत एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. माझा सख्खा भाऊ आयटीत होता, मागच्या वर्षी त्याला नारळ मिळाला. जाण्याआधी त्याच्याकडून त्याचं सगळं काम पायरी-पायरीने लिहून घेतलं होतं, "नॉलेज बेस" म्हणून. त्यामुळे "लोक हात का लावत नाहीत" हा प्रश्न मला पडतच नाही. हुशार आहेत म्हणून लावत नाहीत. आपल्याच खुर्चीचा पाय आपल्याच हाताने कापायचा का?

तुमचे मालक चांगले असतील. पण वाचलेल्या वेळाचं काय करणार हे त्यांनी सांगितलंय का? दहा जणांचं काम सात जणांत होऊ लागलं तर उरलेल्या तिघांचं काय? याचं उत्तर नसेल तर प्रशिक्षण कसलं देताय?

---

मासुंदा

तुर्भे_गाळा, कडवट नाही, अगदी रास्त प्रश्न आहे. मी तर म्हणेन की धाग्यातला पहिला प्रश्न हाच. बहुतेक कंपन्या तो शेवटी घेतात किंवा घेतच नाहीत, आणि मग प्रशिक्षणाला दोष देतात. तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं.

---

खाडीपलीकडे

तुर्भे_गाळा, मला राग आला नाही. उलट तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून मी मालकांपुढे ठेवला. निवृत्त_कॅशियर काकांचाही ठेवला.

मालक आधी म्हणाले, कायमची हमी मी कशी देऊ, धंद्याचं उद्या काय होईल मला तरी माहीत आहे का? मी म्हटलं, कायमची नको, जेवढी देता येते तेवढी द्या, पण लेखी द्या. बराच खल झाल्यावर त्यांनी एक पत्र काढलं. येत्या आर्थिक वर्षात एआयमुळे कोणाला कमी करणार नाही. जो वेळ वाचेल तो क्वेरींची उत्तरं आणि रिफंडची थकलेली प्रकरणं यांना द्यायचा. तिथे आमची खरंच माणसं कमी पडतात, इम्पोर्टर रोज फोन करतात. आणि कोण किती वापरतो यावरून पगारवाढ ठरणार नाही.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण जेवणाच्या सुट्टीत आमच्या डिस्पॅचच्या मॅडमनी मला विचारलं, "मग मला शिकवशील का?" हे पहिल्यांदा झालं.

---

ट्रान्सहार्बर

खूप छान. एक भर. ऑफिसच्या लायसन्समध्ये कोणी कधी वापरलं याचा रिपोर्ट अ‍ॅडमिनला बहुधा दिसतो. तुमच्याकडे नेमकं काय दिसतं ते तपासा आणि लोकांना आधीच सांगा. नंतर कुठूनतरी कळलं तर पत्रावरचा विश्वासही जाईल.

---

घोडबंदरी

सीए आहे, ठाण्यात ऑफिस. आमच्याकडे आर्टिकलशिपची (सीए होण्याआधी उमेदवारी करणारी) मुलं याच्याशिवाय हलत नाहीत, त्यामुळे माझी अडचण नेमकी उलटी आहे. ती सांगते, कारण तुम्हाला सहा महिन्यांनी हीच येणार.

जीएसटीच्या एका नोटिशीला उत्तर तयार झालं. भाषा सुरेख, मुद्दे क्रमाने, शेवटी एका हायकोर्टाच्या निकालाचा दाखला. पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेदाचा क्रमांक, सगळं. फक्त असा निकाल कुठेच नव्हता. आमच्याकडे दाखला उघडून वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम आहे, म्हणून ते ऑफिसातच थांबलं. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी २०२३ मध्ये असेच नसलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि त्यांना ५००० डॉलर दंड झाला. "चॅटजीपीटीने सांगितलं" हे तिथे चाललं नाही, इथेही चालणार नाही.

तुमच्या क्षेत्रात तर २०११ पासून सेल्फ-असेसमेंट आहे. वर्गीकरण, मूल्य, ड्युटीचा दर, सगळं जाहीर करणार इम्पोर्टर आणि त्याच्या वतीने तुम्ही. चुकीचा कोड गेला तर फरकाची ड्युटी, व्याज, दंड आणि वर ब्रोकरच्या परवान्याला धोका. म्हणून शिकवताना "कसं विचारायचं" यापेक्षा "आलेलं कसं तपासायचं" यावर दुप्पट वेळ द्या. मी मुलांना सांगते, उत्तराखाली सही तुझी आहे. सही करवत नसेल तर पाठवू नकोस.

---

वागळेकर

आमचं वागळे इस्टेटमध्ये छोटं युनिट आहे, मशीनिंगचं. ऑफिस स्टाफचं वर सगळ्यांनी लिहिलंच आहे, मी शॉपफ्लोअरचं सांगतो.

आमचे सुपरवायझर टाइप करत नाहीत. शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये दोन ओळी खरडून निघतात. त्यांना आम्ही फक्त एवढंच दिलं: शिफ्टमध्ये काय झालं ते आपल्या भाषेत बोला, जसं पुढच्या शिफ्टवाल्याला सांगता तसं. त्याचं हँडओव्हर नोटमध्ये रूपांतर एआय करतो. कुठलं मशीन बंद होतं, का, किती रिजेक्शन, काय बघायचं राहिलंय. इतकं व्यवस्थित यायला लागलं की आता मालवणीत बोलणारे पण बोलतायत. इंग्रजी येत नाही म्हणून ज्यांचं ज्ञान आजवर रजिस्टरच्या दोन ओळींत अडकून पडलं होतं, त्यांची पानभर नोंद येते. हे बघून मला खरंच भरून येतं.

पण जुन्या रजिस्टरचे फोटो देऊन तक्ता करायला गेलो तर हाताने लिहिलेला १ आणि ९ यांत गोंधळ. कुणाचा ४ कसा, कुणाचा ५ कसा. ते बंद केलं. तुम्हीही हाताने लिहिलेल्या पॅकिंग लिस्टचे आकडे याच्यावर सोडू नका.

---

कोपरखैरणे

वाचतेय. आमच्या शाळेच्या ऑफिसातही हाच विषय चालू आहे.

---

खाडीपलीकडे

थोडा उशीर झाला, पण सांगण्यासारखं घडलंय.

निवृत्त_कॅशियर काकांचा सल्ला जसाच्या तसा केला. आमच्या काकांना म्हटलं, तुम्ही वापरू नका, तुम्ही फक्त याची परीक्षा घ्या. मुलींनी विचारायचं, उत्तर तुम्ही तपासायचं. ते खुर्ची ओढून बसले.

पहिलाच प्रश्न स्टीलच्या बिजागऱ्यांचा. मुलीने वर्णन टाकलं, एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, विचारला. कोड आला, सोबत कारणमीमांसा, अगदी आत्मविश्वासाने. ती मुलगी "बरोबर वाटतंय" म्हणेपर्यंत काका म्हणाले, "आकडे मोज." दहा होते. आपल्याकडे आठ. पहिले सहा, ८३०२१०, बरोबर, कारण ते जगभर सारखेच असतात. पुढचे चार अमेरिकेचे. "हा तिकडचा टॅरिफ सांगतोय. याला सांगितलंस का, आपण भारतात इम्पोर्ट करतोय?" मग तिने देश सांगून परत विचारलं, आठ आकडे आले, आणि काकांनी तेही टॅरिफमध्ये उघडून बघायला लावले.

त्या एका प्रश्नातून टेबलाभोवती उभी असलेली सगळी जण जे शिकली ते प्रेझेंटेशनमध्ये शिकली नव्हती. मुलांना एचएसची रचनाही त्या दिवशी नीट कळली, आजवर ते जुन्या बिलावरून कोड कॉपी करत होते.

आता काकांनी एक वही घातलीय. तारीख, काय विचारलं, काय आलं, कुठे चुकलं, कसं कळलं. वही टेबलावर उघडी असते, कोणीही वाचावी, कोणीही लिहावं. नवीन मुलं ती वाचून काकांना प्रश्न विचारतात. हे ज्ञान आजवर काकांच्या डोक्यात होतं आणि ते दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत.

---

तुर्भे_गाळा

हे आवडलं. खरंच आवडलं. एकच विनंती. त्या वहीवर काकांचं नाव घाला आणि मालकांना सांगा की हे काम त्यांच्या नेहमीच्या कामाव्यतिरिक्त आहे, त्याचा मोबदला द्या. माझ्या भावाने जे लिहून दिलं त्यावर त्याचं नाव नव्हतं.

---

निवृत्त_कॅशियर

तुर्भे_गाळा यांना पूर्ण पाठिंबा. आमच्या करारात भत्ता होता, त्याने फार फरक पडला होता. रक्कम लहान होती, पण काम मोजलं गेलं.

---

खाडीपलीकडे

मान्य. मालकांशी बोलते.

आता पुढचं ठरलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. एकदम सगळे नाहीत. आधी फक्त दोन कामं: सप्लायरचे इंग्रजी मेल आणि क्वेरीच्या उत्तराचा कच्चा मसुदा. कोड आणि ड्युटीचा दर याच्याकडून घ्यायचा नाही, विचारून बघितला तरी टॅरिफ उघडल्याशिवाय चेकलिस्टवर जाणार नाही. बुधवारी दुपारी, गर्दी कमी असते तेव्हा, अर्धा तास एकत्र बसायचं आणि त्या आठवड्याचा एक खरा कागद घ्यायचा, पार्टीचं नाव आणि भाव झाकून. ऑफिसच्या वेळेतच. सहानंतर ठेवलं तर पनवेल-उरणकडच्या बायकांना थांबता येत नाही, आणि त्या आल्या नाहीत की "त्यांना रस नाही" असं म्हटलं जातं. मला ते होऊ द्यायचं नाही.

एक प्रश्न उरलाय. डॉकवरची मुलं. ती दिवसभर सीएफएसमध्ये (कंटेनर उघडून माल तपासतात त्या यार्डात) उन्हात असतात, हातात फोन एवढंच. त्यांना यातून काय द्यावं? नुसती ऑफिसवाल्यांची सोय झाली तर ते बरोबर वाटत नाही.

---

वागळेकर

आमच्या सुपरवायझरांसारखंच करा. कस्टम्सच्या एक्झामिनेशनला माल उघडला की काय दिसलं, किती पेट्या, सील नंबर काय, ऑफिसरने काय विचारलं, हे मुलं ऑफिसला फोन करून सांगतात ना? तेच ऑफिसच्या खात्यातून मराठीत बोलू द्या आणि त्याची नोंद होऊ द्या. क्वेरी आली की उत्तर लिहिणाऱ्याला तीच नोंद लागते. फक्त सील नंबर आणि कंटेनर नंबर बोलून घेऊ नका, त्याचा फोटोच ठेवा. आवाजात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही.

---

ट्रान्सहार्बर

आणि त्यासाठी त्यांना लायसन्स लागेल. निम्मी माणसं डॉकवर आहेत म्हणालात, लायसन्स फक्त ऑफिसवाल्यांना घेतलीयत. रिन्यू करताना आकडा बदला. ऑफिसात जे वापरणारच नाहीत त्यांची चार-पाच लायसन्स डॉकच्या मुलांना देऊन सुरुवात करा, आणि फोन कंपनीचा द्या. स्वतःच्या फोनवर कस्टमरची माहिती नको.

---

खाडीपलीकडे

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच यादी करते. डॉकच्या टीमचा जो प्रमुख आहे त्यालाही बुधवारी बोलावते, पहिला कागद त्याच्याकडूनच मागवते.